बाही वर करून

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

तुझी पाल, ढब्बू, ठीक आहे. हे आधी सांगतो, कारण पत्र उघडल्यावर तू तेच शोधणार. काल वजन केलं, ५८ ग्रॅम. तू भिंतीला लावून गेलेल्या तक्त्यात आकडा भरला. सहीला जागा नव्हती तरी सही केली, आई हसली. अळ्या मात्र चिमट्यानंच देतो. हातानं द्यायचं तेवढं माझ्याच्यानं होणार नाही.

दारातल्या भांडणाबद्दल लिहायचं नाही असं ठरवूनच बसलो होतो. पण ते बाजूला ठेवून लिहायला गेलो तर दोन ओळींत पत्र संपतंय. टॅक्सी खाली उभी, तू वाकून बूट घालत होतीस, केस वर बांधलेले, आणि मानेवर गोंदवलेला तो साप मला पहिल्यांदा दिसला. मी काय बोललो ते पुन्हा लिहीत नाही. तू म्हणालीस, "बाबा, तुम्हाला माझ्या कातडीची काळजी आहे की लोकांच्या डोळ्यांची?" आणि मी गप्प राहिलो. तुला वाटलं असेल, वर्मी लागलं. खरं सांगू, मी मनात हिशोब करत होतो, हा कधी काढला असेल, खपली धरून पडलीसुद्धा म्हणजे दोन-तीन आठवडे तरी झाले, आणि तेवढे दिवस ही घरात केस मोकळे सोडून हिंडत होती.

तेव्हा उत्तर आज घे. साप काढ, विंचू काढ, मानेवर काढ नाहीतर कपाळावर, माझी तक्रार नाही. (कपाळावर थोडी आहे.) तू लपवतेस, ही तक्रार आहे.

हातावर भुंगा गोंदवलास त्या वेळी आठ दिवस तू भर उकाड्यात पूर्ण बाह्यांचे शर्ट घातलेस. नवव्या दिवशी आईनं कपाळाला हात लावला तेव्हा कळलं. लाली भुंग्याच्या बाहेर चार बोटं पसरली होती. डॉक्टरांनी खिशातलं निळं पेन काढलं, लालीच्या कडेकडेनं रेघ ओढली आणि म्हणाले, सकाळपर्यंत रेघेच्या बाहेर गेली तर औषध बदलू. तू झोपलीस. मी रात्रभर त्या रेघेवर पहारा दिला. चार वाजता वाटलं, लाली आत सरकली. पाचला वाटलं, नाही, दिवा वेगळ्या बाजूनं पडलाय. त्या भुंग्याचा मागचा डावा पाय तेव्हापासून पुसट आहे. तू म्हणतेस, किड्यांचे पाय तुटतातच, पाच पायांचा भुंगा काही वावगा नाही. असेल. मला मात्र तुझ्या हाताकडे बघितलं की आधी तो पायच दिसतो, भुंगा नंतर.

बघ, सुरू झालंच. तुझं काम मला मान्य आहे, हे सांगायला खरं तर पत्र घेतलं होतं. मान्य म्हणजे, शेजारी विचारतात तेव्हा मी आवाज चढवूनच सांगतो. "सापाचं विष काढते. ते थोडं थोडं वाढवत घोड्यांना टोचतात, त्यांच्या रक्तात तयार होतं त्यातून प्रतिविष बनतं." समोरच्याचं तोंड बघण्यासारखं होतं. मग मी आकडा टाकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगात दरवर्षी ८१ हजार ते १ लाख ३८ हजार माणसं सर्पदंशानं जातात. आकडा सांगून मी मोठेपणा घेतो आणि घरी येऊन त्याच आकड्याला घाबरतो. दोन्ही एकाच संध्याकाळी.

श्मिटची गोष्ट तूच मला सांगितली होतीस, चौदा-पंधरा वर्षांची असताना, डोळे चमकवत. कार्ल श्मिट, शिकागोच्या फील्ड म्युझियममधला सापांचा मोठा जाणकार. २५ सप्टेंबर १९५७ ला ओळख पटवायला आलेलं बूमस्लँग या आफ्रिकेतल्या विषारी सापाचं पिल्लू त्यानं हातात धरलं आणि ते अंगठ्याला चावलं. विषाचे दात जबड्यात मागे असलेला साप, त्यात पिल्लू, एकच दात जेमतेम रुतलेला, म्हणून त्याला ते फारसं गंभीर वाटलं नाही. तो घरी गेला आणि वही काढून लिहीत बसला. थंडी वाजून ताप, हिरड्यांतून रक्त, सगळं वेळेसकट. ते विष रक्ताची गोठण्याची ताकदच काढून घेतं, पण तासन् तास घेऊन. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. वय ६७. तू म्हणाली होतीस, "बाबा, शेवटपर्यंत नोंदी! काय माणूस असेल!" मीही मान डोलावली होती. आता त्या मान डोलावण्याचा पश्चात्ताप होतो. कारण मला माहीत आहे, वही काढणारी ती तूच. सोबतच्याला हाक मारायच्या आधी घड्याळ बघशील.

तर ऐक. एकटीनं पेटी उघडायची नाही. दुसरा माणूस खोलीत नसेल तर कामाला हात घालायचा नाही, मग वरचा कितीही घाई करो. चावलं, नुसतं खरचटलं, दात लागला की नाही अशी शंका आली, तरी आधी आरडाओरडा. अंगठी घालायची नाही, सूज चढली की ती निघत नाही. आणि जखम भरत असलेल्या अंगानं प्राण्यांच्या पेट्या साफ करायच्या नाहीत. सरपटणाऱ्यांच्या विष्ठेत साल्मोनेला हा रोगजंतू असतो, हे तू मला हात धुवायला लावून लावून शिकवलंस आणि स्वतः मानेवर ताजी जखम घेऊन ढब्बूची पेटी घासत होतीस ना त्या आठवड्यात? मी बघितलंय. तेव्हा वाटलं, केस का मोकळे सोडलेत हिनं.

माफ कर. तुझं शिक्षण तुलाच वाचून दाखवतोय. वरचा परिच्छेद खोडणार होतो, पण आई म्हणाली, राहू दे, नाहीतर फोनवर बोलशील आणि ते जास्त लांबेल.

काडीकिडे आठवतात? तू नऊ वर्षांची. बरणीच्या तळाशी बारीक बियांसारखं काही पडलेलं, मी घाण समजून झाडायला घेतलं आणि तू हातावर झेप टाकलीस. "अंडी आहेत!" मी म्हटलं, अगं, किडा एकच आहे, नर कुठाय? तू पुस्तक आणून बोट ठेवलंस, या जातीतल्या माद्यांना नर लागत नाही. मी हसण्यावारी नेलं. तू कापसावर ती अंडी मांडून महिनोन् महिने रोज पाणी शिंपडलंस. आणि एक दिवस मी दाढी करत असताना आरशावर एक दोरा चालायला लागला. दोऱ्याला सहा पाय. त्या दिवसापासून घरात किड्यांबद्दल तुझा शब्द शेवटचा. मारिया मेरियान १६९९ साली वयाच्या ५२ व्या वर्षी किड्यांची चित्रं काढायला बोटीनं सुरिनामला गेली, तेही तूच सांगितलेलं. तिच्याबरोबर तिची धाकटी मुलगी होती, हे तू ओघात बोलून गेलीस. माझ्या मात्र तेवढंच लक्षात राहिलं. कोणीतरी बरोबर होतं.

आजारी पाल आजारी दिसत नाही, हेही तुझंच वाक्य. दुखलेला प्राणी दिसला की शिकारी त्यालाच उचलतो, म्हणून ती शेवटपर्यंत धडधाकट असल्याचं दाखवते, आणि आपल्याला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून तर दर आठवड्याला वजन. मनू, मी तुझं वजन करू शकत नाही.

आता माझं. ढब्बूची शेपटी "आपोआप तुटली" असं मी तुला सांगितलं होतं. आपोआप नाही तुटली. झाकण मी जोरात लावलं. ती टेबलावर पडून मिनिटभर वळवळत होती, तो कोपऱ्यात जाऊन बसला होता, आणि मी मूर्खासारखा शेपटीलाच थोपटत होतो. तू क्लासहून येईपर्यंत ती रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. नवी आली ती आखूड, गुळगुळीत, मुळ्यासारखी. तू तिलाच लाडानं ढब्बू म्हणायला लागलीस आणि मग तर सांगायची सोयच राहिली नाही.

दुसरं म्हणजे माझ्या दंडावर गोंदलेलं अक्षर. तू ते कधी विचारलं नाहीस, मी अर्ध्या बाहीचा शर्ट कधी घातला नाही. पस्तीस वर्षं झाली. तुझ्या भुंग्याच्या वेळी वाचत सुटलो तेव्हा कळलं की शाई कातडीत नुसती साचून राहत नाही. तिथल्या पेशी तिचे कण गिळतात, पेशी मेली की कण सुटतात, आणि शेजारची नवी पेशी ते पुन्हा गिळते. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांच्या कातडीत हे पाहिलं. म्हणजे ज्या पेशींनी ते अक्षर पहिल्यांदा धरलं त्या केव्हाच गेल्या असतील, आणि तरी ते तिथंच आहे. कोणाचं, ते आईला माहीत आहे. तुला हवं असेल तर तू आलीस की बाही वर करून सांगेन. मोठी गोष्ट नाही. लपवत गेलो, म्हणून मोठी झाली.

मानेवरच्या सापाचा फोटो पाठव. दारात नीट बघितलाच नाही. आई म्हणते खवले सुरेख जमलेत, आणि तिला आधीपासून माहीत होतं म्हणे. यावर आमचं वेगळं भांडण चालू आहे.

तुझा,
बाबा

ता. क. पत्र पाकिटात घालायच्या आधी ढब्बू पांढुरका पडला. तू लिहिल्याप्रमाणे ओलसर कापसाची डबी आत ठेवली. रात्रीतून त्यानं कात टाकली आणि खाऊनही टाकली. बोटांवर कात अडकली तर रक्त थांबून बोट झडतं असं तक्त्याखाली लाल शाईत लिहिलंयस, म्हणून भिंग घेऊन एकेक मोजलं. वीसच्या वीस आहेत. तुझी दहा कळव.