विषय: फाउस्टिनाची दोन्ही नाणी बनावट निघाली, पूर्ण पैसे परत हवेत

नमस्कार,

मागच्या महिन्यात तुमच्या साइटवरून रोमन चांदीची दोन नाणी घेतली, थोरल्या फाउस्टिनाचे डिनारियस, दोन्हीचे मिळून 23,000 रुपये, एक बाबांच्या सत्तरीला आणि एक मला. बाबांना हीच राणी हवी होती, कारण ती वारल्यावर तिच्या नवऱ्याने, रोमन सम्राट अँटोनायनस पायसने, तिला देवी ठरवून तिच्या नावाने ढीगभर नाणी पाडली, रोममध्ये देऊळ बांधलं जे अजून उभं आहे, गरीब मुलींसाठी निधी काढला. नाण्यावर पुढच्या बाजूला डोक्यावर वेण्यांचा अंबाडा घातलेली ती आणि मागे धान्याची देवी सेरेस, हातात कणसं नि मशाल. तुमच्या फोटोत सगळं बरोबर होतं.

बाबांनी भिंग लावलं आणि गप्पच झाले, मग म्हणाले दुसरं दे बघू. दोन्हीवर मशालीच्या शेजारी तोच खड्डा, कडेला त्याच जागी तीच चीर. एका ठशाच्या दोन नाण्यांवर चित्र सारखं येईल हो, पण चीर कशी सारखी येईल? तेव्हा एकेक चकती ठशावर ठेवून हातोड्याने ठोकायचे, प्रत्येक चकती आपल्या जागी तडकणार. ही साच्यात ओतलेली आहेत, कडेवरची साच्याच्या जोडाची घासलेली रेघ नखाला लागते. सराफाच्या काट्यावर दोन्ही 2.4 ग्रॅम भरली आणि तुम्ही लिहिलंय 3.2.

तुमच्या कस्टमर केअरवाल्यांनी फोनवर सांगितलं की जुनी नाणी झिजणारच. झीज आधी उंच भागाला लागते, गालाला, केसांना. इथे खोलातली अक्षरंसुद्धा वापरलेल्या साबणासारखी बोथट आहेत. वर म्हणे पाकीट उघडलं म्हणून रिटर्न नाही. अहो, न उघडता कळणार कसं? आणि ते अस्सल असल्याचं सर्टिफिकेट तुम्हीच छापलेलं, त्यावर सही कुणाची तेही वाचता येत नाही.

बाबा म्हणतात राहू दे, पण मी सोडणार नाही. त्यांनी त्या नाण्यासाठी डबीत कापूस घालून जागा करून ठेवली होती, ती तशीच रिकामी आहे, मला बघवत नाही.

8 दिवसांत 23,000 खात्यावर जमा करा, नाहीतर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पुढे ग्राहक आयोगात जाईन, फोटो आणि वजनाची चिठ्ठी तयार आहे. पैसे आले की नाणी तुमच्या माणसाने घरून न्यावीत. आणि ते लिस्टिंग आजच काढा, त्यावर अजून 6 शिल्लक दाखवतंय.