लिलावाआधी ट्रॅक्टर सुरू करून बघू द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या आतील पानांवर बँका आणि फायनान्स कंपन्यांच्या लिलावाच्या नोटिसा येतात. हप्ते थकले म्हणून ओढून आणलेल्या ट्रॅक्टरबद्दल त्यांत जेमतेम एक ओळ असते: मॉडेल, साल, गाडी क्रमांक, राखीव किंमत आणि ‘जसे आहे, जेथे आहे’. तेवढ्यावर शेतकरी दोन-चार लाखांची बोली लावतात. लिलावात ट्रॅक्टर स्वस्त मिळतो हे खरे आहे. पण घेतलेला ट्रॅक्टर स्वस्तात पडला की महागात, हे बोलीवर ठरत नाही. आदल्या दिवशी, ओढून आणलेल्या गाड्या ठेवतात त्या यार्डात काय तपासले आणि कागदांत काय सापडले, यावर ते ठरते. म्हणून हे पत्र.

यार्डात सहा-आठ महिने उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरचे टायर बसलेले असतात, बॅटरी गेलेली किंवा गायब असते, सीट फाटलेली, वायरिंग उंदरांनी कुरतडलेले. लोक त्याच्याकडे न बघता पुढे जातात आणि रंग मारून चकचकीत केलेल्या ट्रॅक्टरभोवती गर्दी करतात. व्हायला हवे उलटे. बॅटरी, सीट, सेल्फ, डायनॅमो, वायरिंग ही सगळी कामे मिळूनही इंजिनच्या पूर्ण कामापेक्षा बरीच स्वस्तात होतात. डोळ्यांना दिसणाऱ्या दोषाने किंमत जेवढी उतरते तेवढा खर्च त्याला क्वचितच येतो. इंजिनच्या ब्लॉकवर, हेडच्या सांध्यावर ताजा रंग दिसला तर मात्र थांबावे. गळती लपवायला यासारखा दुसरा सोपा उपाय नाही.

जाताना १२ व्होल्टची चार्ज केलेली बॅटरी, जाड केबल, पाच लिटर डिझेल, नट खोलायचे पाने, टॉर्च आणि जॅक बरोबर न्यावा. आधी इंजिनला हात लावून पाहावा. ते गरम असेल तर कोणीतरी आधीच सुरू करून ठेवले आहे, आणि थंड इंजिनची खरी परीक्षा हुकली असे समजावे. सुरू करण्यापूर्वीच ऑइलची पट्टी काढून बघावी. ऑइल दुधाळ दिसले, किंवा रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग असला, तर हेड गॅस्केट, लायनरची (सिलिंडरच्या आतल्या नळीची) रबरी रिंग किंवा ऑइल कूलर यांपैकी काहीतरी गेलेले आहे. टाकी कोरडी असेल तर डिझेल भरून फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करावा आणि बुडबुडे थांबेपर्यंत हाताच्या पंपाने हवा काढावी. हवा न काढता नुसते सेल्फ मारत बसले की बॅटरी उतरते आणि चांगले इंजिनही बंद म्हणून सोडून दिले जाते.

इंजिन चालू झाल्यावर धूर बघावा. गरम झाल्यावरही निळसर धूर येत राहिला तर रिंगा-लायनर झिजून ऑइल जळते आहे. पांढरा धूर गरम झाल्यावरही गेला नाही तर कॉम्प्रेशन कमी आहे, डिझेल फवारणारे नोझल बिघडले आहेत किंवा पाणी आत जाते आहे. काळ्या धुराने एवढे घाबरायचे कारण नाही. बऱ्याचदा तुंबलेले एअर फिल्टर साफ केले की तो जातो. त्यानंतर ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीशी तळहात धरावा. तिथून फटफट हवा आणि वाफ येत असेल तर इंजिन खोलावे लागणार, हे गृहीत धरूनच पुढचा हिशेब करावा.

तासांच्या मीटरवर विश्वास ठेवू नये. जुन्या ट्रॅक्टरचा मीटर केबलवर फिरतो. केबल तुटली की तासही थांबतात. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचे रबर, पेडलच्या बुशातला ढिलेपणा, स्टिअरिंगची झिजलेली कड यांवरून वापराचा अंदाज येतो. टायरच्या बाजूला कोरलेले चार आकडेही वाचावेत. ‘३२१८’ म्हणजे २०१८ सालच्या ३२व्या आठवड्यात बनलेला टायर. ट्रॅक्टर त्याच सालचा आणि टायर मूळचेच, तरी मीटर सातशे तास दाखवतो आणि नक्षी मात्र संपलेली, असे असेल तर मीटर खोटा.

सर्वात जास्त वेळ मात्र या ट्रॅक्टरने काय काम केले हे ओळखण्यात घालवावा. उसाच्या वाहतुकीला, दोन ट्रॉल्यांना जुंपलेल्या ट्रॅक्टरच्या हुकाचे भोक लांबट झालेले असते, मागच्या टायरची नक्षी डांबरावर मधोमध झिजलेली असते, आणि ब्रेक, क्लच व वरचे गिअर थकलेले असतात. असा ट्रॅक्टर प्रत्येक गिअरमध्ये चालवून बघितल्याशिवाय बोली लावू नये, कारण ओझ्याखाली गिअर आपोआप सुटत असेल तर गिअरची पेटी खोलण्याला पर्याय नाही. रोटाव्हेटरवर राबलेल्या ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट (अवजार फिरवणारा मागचा दांडा) हाताने हलवला की खडखडतो. तिथे धुळीने इंजिनही झिजलेले असण्याची शक्यता असते, म्हणून एअर फिल्टरच्या मागचा पाइप काढून आत बोट फिरवावे. बोटाला माती लागली तर तीच माती सिलिंडरमध्ये गेली आहे. भाताच्या चिखलणीत चाललेल्या ट्रॅक्टरच्या मागच्या धुऱ्याची सिले गेलेली असतात आणि गिअर ऑइलमध्ये पाणी असते. पुढचा धुरा जॅकवर उचलून चाक वर-खाली आणि आजूबाजूला हलवावे. किंगपिन (पुढचे चाक ज्यावर वळते ती खीळ) आणि बुश किती ढिले आहेत हे लगेच हाताला कळते.

बराच काळ उभ्या असलेल्या ट्रॅक्टरची क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. क्लच पूर्ण दाबूनही गिअर करकरत असेल तर आधी हेच तपासावे. बऱ्याचदा ती जास्त खर्चाशिवाय सुटते, पण बाकीचे बोली लावणारे त्याला ‘गिअरबॉक्स गेला’ म्हणून सोडतात, आणि माहीतगाराला तो कमी किमतीत मिळतो.

हायड्रॉलिकची तपासणी थंड तेलावर करू नये. थंड तेल घट्ट असते, त्यामुळे झिजलेला पंप आणि सैल सिलही चांगले वाटतात. अर्धा तास इंजिन चालवून, मागे एखादे अवजार जोडून ते पूर्ण उचलावे आणि इंजिन बंद करावे. दहा-पंधरा मिनिटांत अवजार थोडे उतरले तर चालेल. जमिनीला टेकले तर पिस्टनचे सिल किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह गेला आहे. अवजाराखाली कोणी वाकू नये, हे वेगळे सांगायला नको, पण यार्डाच्या गर्दीत लोक वाकतात.

कागदांत अडकलेले लोक इंजिनात अडकलेल्यांपेक्षा जास्त आहेत. चेसी नंबर आणि इंजिन नंबर घासून पुसून, कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्यावी आणि आरसीशी (नोंदणी प्रमाणपत्राशी) ताडून बघावी. इंजिन बदलून नोंद केली नसेल तर नावावर करताना आरटीओत अडते. कर्जदाराने आरसी दिली नसेल आणि त्याची सही मिळणार नसेल, तर फायनान्स कंपनीने आधी फॉर्म ३६ भरून ट्रॅक्टर स्वतःच्या नावावर करून घ्यायचा असतो. मग फॉर्म २९ आणि ३० वर तो खरेदीदाराच्या नावावर होतो. कर्जाचा बोजा उतरवायला फॉर्म ३५ लागतो, दुसऱ्या राज्यातला ट्रॅक्टर असेल तर फॉर्म २८ ची एनओसी (ना हरकत दाखला). हे कोण करणार आणि किती दिवसांत, हे अनामत भरण्यापूर्वी लेखी घ्यावे. वाळू-मुरुमासारख्या गौण खनिजाच्या कारवाईत तहसीलदारांनी जप्त केलेल्या ट्रॅक्टरचा सरकारी लिलाव असेल तर रस्ता वेगळा: ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत फॉर्म ३२, सोबत विक्री कायम केल्याचा दाखला आणि लिलावाच्या आदेशाची प्रमाणित प्रत. ट्रॉलीची नोंदणी स्वतंत्र असते. ट्रॅक्टरसोबत ट्रॉली मिळाली म्हणून आनंद करण्याआधी तिची आरसी मागावी. विमा संपलेला असेल तर ट्रॅक्टर रस्त्याने चालवत घरी आणू नये, वाहनावर लादून आणावा.

बोलीची मर्यादा घरीच, उलट्या बाजूने काढावी. समजा तसाच चालता ट्रॅक्टर गावात ४ लाखांना मिळतो. त्यातून मागचे टायर ४० हजार, क्लच १५, विमा आणि कागद १५, वाहतूक व यार्डभाडे १० आणि न सापडलेल्या दोषासाठी ४० हजार वजा केले की २ लाख ८० हजार उरतात. जीएसटी बोलीवर वेगळा लागणार असेल तर तोही यातूनच वजा. सर्वात मोठी बोली आपली ठरली तरी बऱ्याच ठिकाणी ती कंपनीच्या मंजुरीवर असते आणि तोपर्यंत अनामत अडकून राहते, हेही विचारून घ्यावे. पाडवा, अक्षय तृतीया, दसरा यांच्या तोंडावर बोली चढतात. पितृपक्षात आणि पेरण्या आटोपल्यावर यार्ड ओस असते. ज्याला मुहूर्ताची अडचण नाही त्याने तेव्हा जावे.

अवजारे अनेकदा ढीग लावून एकत्र विकतात. रोटाव्हेटरची पाती झिजलेली असली तरी चालतील, ती बदलता येतात. रोटरचा शाफ्ट वाकलेला नको आणि गिअरबॉक्सला तडा नको. अनुदानावर घेतलेले अवजार ठरावीक काळ विकता येत नाही, म्हणून मूळ पावती बघावी.

या सगळ्यासाठी यार्डात इंजिन सुरू करू द्यावे लागते, आणि तिथेच अडते. पुष्कळ ठिकाणी फक्त बाहेरून बघायची परवानगी असते. ट्रॅक्टरची खरी अवस्था दलालांना माहीत असते, शेतकऱ्याला नसते. म्हणून शेतकरी एकतर बोलीच लावत नाही किंवा डोळे झाकून लावतो. बँका आणि फायनान्स कंपन्यांनी लिलावाआधी किमान दोन दिवस थंड इंजिन सुरू करून बघण्याची सोय करावी. नोटिशीत मीटरचे तास, आरसी हातात आहे की नाही, ट्रॉलीचे कागद, विम्याची मुदत आणि जीएसटी एवढे छापावे. चार ओळी वाढतील. त्यांत कंपनीचेही नुकसान नाही, कारण माहिती असली की बोली वाढते.

आणि बोली वाढण्याशी ज्याचा ट्रॅक्टर गेला त्या शेतकऱ्याचाही संबंध आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार फायनान्स कंपन्यांना विक्रीपूर्वी कर्जदाराला पैसे भरण्याची शेवटची संधी द्यावी लागते. विक्रीतून थकबाकी आणि खर्च वळते झाल्यावर उरलेली रक्कम त्याची असते, आणि रक्कम कमी पडली तर बाकी त्याच्याच डोक्यावर राहते. त्याने विक्रीच्या किमतीचा आणि वजावटीचा हिशेब लेखी मागावा.

आपला,
एक ट्रॅक्टर मिस्त्री,
ता. माळशिरस, जि. सोलापूर