परिचारिकांच्या औषधसंदर्भ ॲपमध्ये इन्शुलिनची घातक माहिती असल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक

महोदय,

काल दुपारी आपल्या ग्राहक सेवा विभागाशी माझे पाचव्यांदा बोलणे झाले आणि यापुढे फोन न करता लेखी तक्रारच करायची असे मी ठरवले. आपले ॲप कसे चालते हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

आमच्या दीडशे खाटांच्या रुग्णालयाने परिचारिकांसाठी या ॲपची वर्षभराची वर्गणी भरली आहे. निवड समितीत मेट्रन म्हणून मी होते आणि दोन ॲपांपैकी आपल्याच ॲपचा आग्रह मी धरला होता, कारण ते रुग्णाच्या खाटेपाशी उभ्या असलेल्या सिस्टरसाठी बनवले आहे असे आम्हाला सांगण्यात आले होते. औषध कशात मिसळायचे, किती वेगाने सोडायचे आणि त्याच लाइनमधून दुसरे काय चालू ठेवता येते, एवढेच तिला एका मिनिटात हवे असते. फेनिटोइन हे आकडीवरचे औषध ग्लुकोजच्या सलाइनमध्ये घातले तर त्याचे कण धरतात, म्हणून ते नॉर्मल सलाइनमध्येच द्यावे लागते. ही ओळ आपल्या ॲपमध्ये आहे, परंतु आकडीच्या प्रकारांवरचा सगळा मजकूर ओलांडून तळाशी गेल्यावर ती सापडते. पॅरासिटामॉल शोधले तर काहीच येत नाही, कारण ॲपला ते केवळ ॲसिटॅमिनोफेन या अमेरिकी नावाने माहीत आहे. इथवर आम्ही चालवून घेतले, पण इन्शुलिनचे चालवून घेता येणार नाही.

भारतात इन्शुलिनच्या व्हायलमध्ये, म्हणजे छोट्या बाटलीत, सर्रास 1 मि.ली.ला 40 युनिट असतात. आपले ॲप मात्र 100 युनिट धरून चालते आणि तसे कुठेही विचारत नाही. सिरिंजमधले औषध ठरावीक वेगाने सोडणाऱ्या सिरिंज पंपासाठी 50 मि.ली.मध्ये 50 युनिट भरायचे असतील, तर ते 0.5 मि.ली. घ्यायला सांगते, आमच्या व्हायलमधून 1.25 मि.ली. घ्यावे लागते. आयसीयूतल्या नव्या सिस्टरने पहाटे पावणेतीनला ॲपवर विश्वास ठेवून 0.5 मि.ली., म्हणजे अवघे 20 युनिट भरले. पडताळणीला आलेल्या ज्येष्ठ सिस्टरने लेबल वाचले, म्हणून ती सिरिंज पंपाला लागली नाही. लागली असती तर साखर उतरली नसती, डॉक्टरांनी पंपाचा वेग वाढवला असता, आणि पुढची सिरिंज कोणी बरोबर भरली असती तर त्याच वाढीव वेगाने रुग्णाच्या अंगात एकदम अडीचपट इन्शुलिन गेले असते.

हे सर्व मी काल आपल्या प्रतिनिधीला सांगितले. ते म्हणाले, "मॅडम, इन्शुलिन शंभरचेच असते." व्हायल माझ्या हातात होती, त्यावरचे लेबल मी त्यांना अक्षर अन् अक्षर वाचून दाखवले. त्यावर त्यांनी विचारले, "व्हायल खराब निघाली असेल का?" लाल टोपणाची सिरिंज 40ची आणि नारिंगी टोपणाची 100ची असते, दोन्ही भारतात मिळतात, हे मी पुन्हा समजावले. मग मला थांबायला सांगून ते अकरा मिनिटे गेले. परत आल्यावर म्हणाले, "हा भाग डॉक्टरांसाठी आहे. सिस्टरांनी हिशेब करू नये, ड्युटी डॉक्टरांना विचारावे."

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत माझा असा अपमान कोणी केला नव्हता. पहाटे पावणेतीनला सिरिंज सिस्टरच भरते आणि चूक झाली तर नोटीसही तिलाच मिळते. ज्यांच्या नावाने आपण पैसे घेतले, त्यांनाच हे तुमच्यासाठी नाही असे सांगताना आपल्या माणसाला काहीच वाटले नाही. आणि मूळ प्रश्न, व्हायलवर छापलेले 40 युनिट, तसाच राहिला.

आमच्या आयसीयूतल्या टॅब्लेटवर "इन्शुलिनसाठी हे पाहू नये" अशी चिठ्ठी मी स्वतः चिकटवली आहे. इतर रुग्णालयांत ती नाही. त्यामुळे आपले ॲप वापरणाऱ्या भारतातील प्रत्येक रुग्णालयाला आपण आजच लेखी इशारा पाठवावा आणि व्हायल 40ची की 100ची हे विचारल्याशिवाय ॲपने मात्रा सांगू नये अशी दुरुस्ती पंधरा दिवसांत करावी. तसे न झाल्यास उरलेल्या महिन्यांची वर्गणी परत मागण्याचा प्रस्ताव मी खरेदी समितीपुढे ठेवीन, आणि माझ्या ओळखीच्या प्रत्येक मेट्रनला त्या रात्रीची हकीकत या पत्रासह कळवीन.

आपली,
मेट्रन