दाराशी थांबवलंत, त्याबद्दल

प्रिय ताई,

फिल्म क्लबच्या त्या संध्याकाळी मी अर्ध्यातून उठले होते. पडद्यावर शांताल आकरमान यांचा १९७५ सालचा 'जान डिलमान' चालू होता. २०१ मिनिटं, एका विधवेचे तीन दिवस. ती घर आवरते, स्वयंपाक करते, दिवे बंद करते, आणि कॅमेरा जागचा हलत नाही. तासाभरात माझा धीर संपला. तुम्ही दाराजवळच बसला होतात. अडवलं नाहीत, काही समजावलंही नाहीत. हळूच म्हणालात, "जा, पण तिचे दुसऱ्या दिवशीचे बटाटे बघून जा."

मी भिंतीला टेकून उभी राहिले. दुसऱ्या दिवशी तिचे बटाटे जास्त शिजतात. घडतं ते एवढंच! ते भांडं हातात घेऊन काय करावं हे तिला सुचत नाही, आणि माझ्या पोटात खड्डा पडला. आदल्या दिवशीचा तिचा काटेकोर क्रम मी कंटाळत का होईना, पाहिला होता; म्हणूनच ती चूक मला एवढी मोठी दिसली. तो कंटाळा दिग्दर्शिकेनं जाणूनबुजून माझ्या हाती ठेवला होता, हे तेव्हा उमगलं. मी शेवटपर्यंत उभीच होते.

चर्चेत आम्ही अर्थ शोधू लागलो की तुम्ही विचारायचात, "आधी सांगा, काय दिसलं? काय ऐकू आलं?" या प्रश्नांनी माझी भीती गेली. सिनेमा 'कळला' नाही तरी त्याबद्दल बोलता येतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. जपानी दिग्दर्शक ओझूंच्या सिनेमात माणसं निघून गेल्यावरही रिकामी खोली दिसत राहते. पूर्वी मी तेवढ्यात घड्याळ बघायचे. आता त्या खोलीत कोण नाही, ते बघते.

एक मात्र अजून पटलेलं नाही. सिनेमा पाहण्याआधी त्याबद्दल काही वाचू नये, असा तुमचा आग्रह असे. पण 'बायसिकल थीव्ह्ज' या सिनेमात बापाचं काम करणारा माणूस प्रत्यक्षात कारखान्यातला कामगार होता, हे मला आधीच ठाऊक होतं, आणि त्यामुळे सायकल शोधत फिरणाऱ्या त्या माणसाची चाल मी जास्त लक्ष देऊन पाहिली. यावर भेटून वाद घालायचा आहे. वाद घालण्याइतकं बघायला तुम्हीच शिकवलंत. त्याबद्दल मनापासून आभार, ताई.

तुमची,
भिंतीला टेकून उभी राहिलेली ती मुलगी