धर्मशाळांची जुनी रजिस्टरं रद्दीत घालू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत पॅरिसच्या ‘ल्युतेसिया’ हॉटेलावरचा लेख वाचला. फोटो सुंदर होते. 2014 पासून चार वर्षं बंद ठेवून केलेली दुरुस्ती, रंगाच्या थरांखाली सापडलेली बारमधली जुनी चित्रं, तिथं राहून गेलेले नामवंत, सगळं आलं. पण 1945 सालच्या चार महिन्यांबद्दल लेखात एक ओळ नाही, आणि माझ्या मते त्या वास्तूचं सगळ्यात मोठं काम तेच. भुसावळला स्टेशनजवळ आमचं आजोबांच्या वेळचं लॉज आहे. मुसाफिरांना जागा देण्यातच माझा जन्म गेला, म्हणून लिहिल्यावाचून राहवेना.

हॉटेल डिसेंबर 1910 मध्ये उघडलं. जवळच्याच ‘ल बाँ मार्शे’ या मोठ्या दुकानाच्या मालकांनी ते बांधलं, बाहेरगावाहून खरेदीला येणाऱ्या गिऱ्हाइकांना चांगली जागा मिळावी म्हणून. जून 1940 मध्ये जर्मन फौजा पॅरिसात शिरल्या आणि त्यांच्या लष्करी हेरखात्यानं हॉटेल ताब्यात घेतलं. तळघरातली उंची वाइन नोकरांनी मधे भिंत घालून लपवली आणि जर्मनांना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही, असं सांगतात. मला यात नवल वाटत नाही. इमारतीचा कोपरा न् कोपरा मालकापेक्षा नोकरांनाच जास्त ठाऊक असतो.

दुसरं महायुद्ध संपत आलं. जर्मनांच्या छळछावण्यांतून सुटलेली माणसं फ्रान्सला परतू लागली, तेव्हा जनरल द गॉल यांच्या फ्रेंच सरकारनं हेच हॉटेल त्यांच्या स्वागतासाठी घेतलं. 26 एप्रिल 1945 पासून ऑगस्टपर्यंत अठरा ते वीस हजार माणसं या दारातून आत गेली. बसमधून उतरलेली ही माणसं हाडांचे सापळे झालेली. काहींच्या अंगावर अजून छावणीचे पट्ट्यापट्ट्यांचे कपडे. उवांमुळे टायफसचा जीवघेणा ताप पसरू नये म्हणून आल्याआल्या अंगावर डीडीटीची पूड मारायची, मग डॉक्टरची तपासणी, मग चौकशी. चौकशी लागे, कारण जर्मनांना सामील झालेली काही माणसं या गर्दीत घुसून स्वतःला छावणीतले म्हणवू पाहत होती. त्यानंतर ओळखीचं कार्ड, थोडे पैसे, कपडे, जेवण आणि खोली. कित्येकांना त्या मऊ गाद्यांवर झोप येईना, ते खाली जमिनीवर झोपले. हे वाचलं तेव्हा त्या खोल्यांची झाडलोट करणाऱ्या बायका सकाळी दार उघडून काय बघत असतील, हाच विचार कितीतरी वेळ मनातून जाईना.

हॉटेलसमोर मोठमोठे फलक उभे केले होते. त्यांवर हजारो फोटो आणि चिठ्ठ्या. लग्नातले, शाळेतले, सहलीतले फोटो, खाली नाव, कधी नेलं ती तारीख, घरचा पत्ता. घरची माणसं रोज येऊन उभी राहत आणि उतरणाऱ्या प्रत्येकाला फोटो दाखवून विचारत, याला कुठं पाहिलंत का? फ्रान्समधून सुमारे 76 हजार ज्यूंना छावण्यांत नेलं, त्यातले परतले साधारण अडीच हजार; हॉटेलात आलेले बाकीचे बहुतेक राजकीय आणि इतर कैदी होते. त्या फलकांपुढं उभे राहिलेले बहुतेक जण रिकाम्या हातानं घरी गेले. हॉटेलच्या दर्शनी भिंतीवर आज याची पाटी आहे. पुरवणीच्या छायाचित्रात तीच नेमकी कापली गेली असावी.

आता आपल्याकडचं. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं गाडीनं खानदेशात आली. जळगावात, भुसावळात त्यांच्या कॉलन्या आहेत, बाजारपेठेत दुकानं आहेत. पण पहिल्या रात्री ती कुठं टेकली? डिसेंबर 1936 च्या फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाला गावोगावहून आलेली माणसं कुठं उतरली? याची उत्तरं धर्मशाळांच्या आणि लॉजच्या रजिस्टरांतच मिळतील. आजोबांच्या हातचं 1948 चं रजिस्टर माझ्याकडे आहे, अर्धं मोडी लिपीत. नाव, गाव, कुठून आले, कुठं जाणार, सोबत माणसं, सही किंवा अंगठा, असे रकाने. एका पानावर गावाच्या रकान्यात ओळीनं सिंधमधली गावं: शिकारपूर, लारकाना, पुन्हा शिकारपूर. ‘कुठं जाणार’ हा रकाना त्या सगळ्या ओळींत कोरा आहे. आजोबा हिशेबाला फार काटेकोर होते, एरवी एकही रकाना रिकामा सोडत नसत.

मागं आमच्या भागातली एक जुनी धर्मशाळा पाडली. माळ्यावर रजिस्टरांचे गठ्ठे होते. मी विचारायला गेलो तोवर ते किलोच्या भावानं रद्दीवाल्याकडे गेले होते आणि त्याच्याकडून पुढं लगद्याला. ट्रस्टच्या लोकांना त्यात काही मोलाचं आहे असं वाटलंच नाही, आणि त्यांना तसं आधी कोणी सांगितलंही नव्हतं.

आपलं वर्तमानपत्र चोपडा, अमळनेरपासून नंदुरबारपर्यंत घरोघर जातं. धर्मशाळा, लॉज, खानावळ चालवणाऱ्यांना आपण एक जाहीर विनंती छापावी. 1960 च्या आधीचं रजिस्टर कोणाकडे असेल तर ते रद्दीत घालू नये, वाळवी लागू देऊ नये, आणि धुळ्याच्या इतिहासाचार्य राजवाडे संशोधन मंडळासारख्या ठिकाणी जाणकारांना एकदा दाखवावं. मोडी वाचता येत नसेल तर माझ्याकडे आणा, मी बसून वाचून देईन. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे.

आपला,
एक लॉजचालक, भुसावळ