निशाणाखालच्या माणसांची नावेही लिहा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात आपल्या नाशिक शहरात जुन्या युद्धध्वजांच्या प्रतिकृतींचे आणि छायाचित्रांचे एक प्रदर्शन भरले होते. आयोजकांची तळमळ जागोजागी दिसत होती, म्हणूनच हे लिहावेसे वाटले. पश्चिमेच्या खिडकीसमोर चार टाचण्यांवर ताणून बसवलेल्या भगव्या झेंड्याखाली ‘ऐतिहासिक ध्वज, मराठेशाही’ एवढीच चिठ्ठी होती. शेजारच्या छायाचित्रात काठीच्या टोकाला चांदीचा पंजा असलेले एक निशाण होते. त्याखाली तर एक अक्षरही नव्हते.

ते निशाण पूना हॉर्स या रिसाल्याचे, म्हणजे पूर्वी घोड्यांवरून आणि पुढे रणगाड्यांतून लढणाऱ्या लष्करी तुकडीचे. इराणातील खुशाबच्या लढाईत १८५७ मध्ये या रिसाल्याने ते शत्रूकडून जिंकले आणि पुढे मानाने बाळगले. याच रिसाल्याचे कमांडर लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर सप्टेंबर १९६५ मध्ये फिलोराच्या लढाईत जखमी होऊनही मागे गेले नाहीत आणि १६ सप्टेंबरला धारातीर्थी पडले. याच रिसाल्याचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनी १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पेटलेला रणगाडा सोडण्याचा आदेश आल्यावर, आपली तोफ अजून चालते आहे, असे कळवले आणि ते अखेरपर्यंत लढले. वय अवघे २१. दोघेही मरणोत्तर परमवीरचक्राचे मानकरी.

भगव्याचेही तेच. आपल्याच जिल्ह्यात, साल्हेरच्या परिसरात, १६७२ मध्ये प्रतापराव गुजर आणि मोरोपंत पिंगळे यांनी मोगल फौजेचा पराभव केला; पंचहजारी सूर्यराव काकडे जंबुरियाचा (लहान तोफेचा) गोळा लागून तिथे पडले, अशी नोंद सभासद बखरीत आहे. नाशिकच्या प्रदर्शनात ही तीन नावे नसावीत, याचे वाईट वाटते. तोफखान्यात तोफेलाच निशाण मानतात आणि त्या तोफखान्याचे केंद्र नाशिकरोडला आहे. तिथेच १० ऑक्टोबर २०१९ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी आर्मी एव्हिएशन कोअरला, म्हणजे लष्कराच्या हवाई शाखेला, राष्ट्रपती ध्वज प्रदान केला. निशाणाचा मान काय असतो, हे या गावाला ठाऊक आहे.

पुढच्या वेळी प्रत्येक ध्वजाखाली लढाई, साल, त्याखाली लढलेले अधिकारी आणि वस्तू अस्सल की प्रतिकृती, एवढे तरी लिहावे, आणि अस्सल कापड मांडलेच तर ते उन्हापासून दूर, टाचण्या न लावता ठेवावे, ही आयोजकांना विनंती. चिठ्ठ्या मराठीत लिहून द्यायला मी आनंदाने येईन.

आपला नम्र,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, नाशिकरोड