आठ तासांचा पगार, बारा तासांचं घर

मा. संपादक,
स. न.

सप्टेंबर आला की गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभांत सुरक्षारक्षकांच्या कंत्राटावरून हमखास खडाजंगी होते. ‘एजन्सी किमान वेतन देते ना? मग आपण कशाला जास्त भरायचं?’ आमच्याही सभेत हे झालंच. विचारणारे गृहस्थ निवृत्त बँक अधिकारी. आपल्या पेन्शनवरचा महागाई भत्ता कधी, किती वाढला हे त्यांना तोंडपाठ आहे!

किमान वेतन म्हणजे योग्य वेतन, असं आपण धरून चाललो आहोत. खरं तर ज्याच्या खाली गेलं की गुन्हा होतो, एवढीच ती रेघ आहे. १९४८ च्या उचित वेतन समितीने किमान, उचित आणि सर्वांत वरची निर्वाह (म्हणजे कुटुंबाला नीट जगता येईल इतकं वेतन) अशा तीन पायऱ्या सांगितल्या होत्या. घटनेच्या कलम ४३ मध्ये सरकारने प्रयत्न करायला सांगितलंय ते निर्वाह वेतनासाठी. इतक्या वर्षांत आपण पहिल्याच पायरीवर घुटमळतोय.

ही पहिली पायरी तरी कशी मोजतात? १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने मापं ठरवली: एका कमावत्यामागे तीन माणसांचं खाणं, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्तीसारख्या खर्चाला एकूण वेतनाच्या २० टक्के. नवऱ्याचं खाणं पूर्ण एक धरलं, बायकोचं आणि मुलांचं त्याहून कमी; म्हणून नवरा, बायको आणि दोन मुलं असे चौघे मिळून ही तीन माणसं होतात. म्हातारे आईवडील त्यात नाहीतच. मुलांची शाळा, दवाखाना, सणवार, लग्नकार्य, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के धरा, हे सर्वोच्च न्यायालयाला १९९१ मध्ये रॅपटाकोस ब्रेट कंपनीच्या कामगारांच्या खटल्यातल्या निकालात सांगावं लागलं. पुढे केंद्राने २०१७ मध्ये देशभरासाठी किमान पातळी सुचवली ती रोज १७६ रुपयांची, तीही राज्यांवर बंधनकारक नव्हती. २०१९ मध्ये सरकारच्याच तज्ज्ञ समितीने हिशेब मांडला तर तो ३७५ वर गेला, म्हणजे दुपटीच्याही वर.

महाराष्ट्रात किमान वेतनावरचा, महागाईशी जोडलेला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी वाढतो हे खरं. पण मूळ दरच तोकडा असेल तर भत्त्याने तो तोकडेपणा फक्त टिकून राहतो.

मग घर चालवायला कमी पडणारे पैसे येतात कुठून? आमच्या समितीने बारा तासांच्या दोन पाळ्यांऐवजी आठ तासांच्या तीन पाळ्या करू म्हटलं, तर विरोध केला तो रक्षकांनीच. ‘काका, बाराच राहू द्या. आठ तासांवर घर नाही चालत,’ लातूरकडचा एक रक्षक म्हणाला. रात्रपाळी संपत आली की हाच माणूस पहाटे बादली-फडकं घेऊन आमच्या गाड्या पुसतो. त्याची बायको दोन घरी पोळ्या करते. किमान वेतन आणि निर्वाह वेतन यांच्यातला फरक कुणी ना कुणी भरतोच, आणि आज तो ही माणसं आपल्या झोपेतून भरताहेत. वर गंमत अशी, की ठरलेल्या तासांपलीकडच्या जादा कामाला कायद्याने दुप्पट दर आहे. एजन्सीच्या कोटेशनमध्ये मात्र बाराही तास एकाच भावाने लावलेले होते. सभेत तो रकाना कुणी वाचलाही नाही. खालची एकूण रक्कम तेवढी वाचली गेली.

रक्षकांचा पगार वाढवला तर मेंटेनन्स वाढेल, हे मान्य. लिफ्टच्या दुरुस्तीचा करार महागला तेव्हाही तो वाढला होता. तेव्हा ‘कमीत कमी किती देऊन भागेल’ असं कुणी विचारलं नव्हतं.

राज्य सरकारने सुरक्षारक्षकांचे दर पुढच्या वेळी ठरवताना अधिसूचनेबरोबर त्यामागचा हिशेब छापावा: डाळ-तांदूळ-भाजी कोणत्या भावाने धरली, पुण्यात खोलीचं भाडं किती धरलं, ते २५ टक्के कुठे आहेत. आणि सोसायट्यांनी कंत्राटाच्या ठरावातच लिहावं, की जादा तास दुप्पट दराने, पगार बँकेत, आणि दरमहा पगारपत्रक व भविष्य निर्वाह निधीचं चलन दाखवल्याशिवाय एजन्सीचं बिल मंजूर होणार नाही.

एक वाचक, पुणे